पॉन्टिअ‍ॅक जीटीओ 'जज'ची ट्रिब्यूट गाडी: एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

गाडी १९६९ सालची आहे, पण ती अस्सल 'जज' नाही, तर साध्या गाडीवर 'जज'चे रूप चढवून बनवलेली ट्रिब्यूट गाडी आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. पॉन्टिअ‍ॅक या अमेरिकी ब्रँडने त्या वर्षी आपल्या जीटीओ या ताकदवान मॉडेलवर 'जज' नावाचे पॅकेज देऊ केले आणि अशा ६,८३३ गाड्या बनवल्या. त्यांपैकी केवळ १०८ उघडझाप टपाच्या होत्या. माझी गाडी मुळात त्याच वर्षीची ले मान्स, म्हणजे त्याच ब्रँडचे साधे मॉडेल. मिशिगनमधल्या एका छोट्या वर्कशॉपने तिला जीटीओचे नाक, दोन भोकांचे बॉनेट, डिकीवरचा रुंद स्पॉयलर, बाजूचे पट्टे आणि केशरी झाक असलेला कॅरोसेल रेड रंग देऊन तयार केली. मी ती वसंतात घेतली आणि रस्त्यांवर मीठ पडू लागेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत, नियमित चालवली.

अशी गाडी घेताना काचेखालचा क्रमांक आधी वाचावा. त्या वर्षीच्या अस्सल जीटीओचा क्रमांक २४२ने सुरू होतो, ले मान्सचा २३७ने. त्यामुळे शेव्हरोलेच्या शेव्हेल या मॉडेलच्या एसएस गाड्यांपेक्षा येथे फसवणुकीला वाव कमी आहे, कारण १९६९पासून एसएस हे केवळ पर्यायी पॅकेज होते आणि क्रमांकावरून ते ओळखता येत नाही. मात्र २४२ दिसले म्हणून गाडी 'जज' ठरत नाही. त्यासाठी पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या नोंदींची प्रत मागवावी लागते. माझ्या विक्रेत्याने जाहिरातीतच २३७ छापले होते, आणि किंमतही अस्सल गाडीच्या निम्म्याहून कमी होती.

इंजिन हा या गाडीचा सर्वांत चांगला भाग आहे. पॉन्टिअ‍ॅकच्या ३२६पासून ४५५ घन इंचांपर्यंतच्या व्ही-८ इंजिनांचे बाह्य आकारमान एकच असल्यामुळे ले मान्सच्या ३५०च्या जागी ४०० घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.६ लिटरचे, इंजिन फारशी कापाकापी न करता बसते. 'जज'मधल्या रॅम एअर ३ (बॉनेटच्या भोकांतून बाहेरची हवा घेणाऱ्या) इंजिनाची शक्ती ३६६ अश्वशक्ती आणि टॉर्क ४४५ पाउंड-फूट अशी जाहीर केलेली होती, पण ते आकडे त्या काळच्या 'ग्रॉस' पद्धतीचे, म्हणजे एक्झॉस्ट आणि इतर जोडण्यांचा भार न धरता मोजलेले होते. माझ्या गाडीत अ‍ॅल्युमिनियमची हेड बसवून कॉम्प्रेशन मूळच्या १०.७५वरून साडेनऊच्या आसपास आणले आहे. परिणामी ती पंपावरच्या ९३ ऑक्टेन पेट्रोलवर ठोके न देता चालते, आणि व्हॉल्व्ह सीट कठीण धातूच्या असल्याने शिशाविना पेट्रोलची धास्तीही नाही. क्वाड्राजेट कार्ब्युरेटरची पुढची दोन तोंडे लहान आणि मागची दोन बरीच मोठी असतात. पाय हलका ठेवला तर गाडी लिटरला साडेपाच किलोमीटर देते, आणि मागची तोंडे उघडली की तो हिशेब कोणी ठेवू नये. एक त्रास मात्र आहे: कडक उन्हात गाडी पंधरा-वीस मिनिटे बंद ठेवली की कार्ब्युरेटरमधले इथेनॉलमिश्रित पेट्रोल तापून उडते आणि पुन्हा सुरू करताना बराच वेळ क्रँक करावे लागते.

बांधणाऱ्यांनी जिथे १९६९ला सोडचिठ्ठी दिली, तिथेच गाडी सर्वाधिक समाधान देते, असे माझे मत झाले आहे. पुढे डिस्क ब्रेक, रेडियल टायर, प्लॅटिनम पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि अ‍ॅल्युमिनियमचा मोठा रेडिएटर यांपैकी एकही वस्तू रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाही, पण त्यांच्याविना ही गाडी मी रोजच्या रहदारीत नेली नसती. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझच्या दिवशी, डेट्रॉइटहून पॉन्टिअ‍ॅक शहराकडे जाणाऱ्या त्याच वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर, तासन् तास मुंगीच्या गतीने सरकतानाही तापमानाचा काटा मर्यादेत राहिला. केबिनमधले आम्ही मात्र भाजून निघालो, कारण एसी नाही.

याउलट, जिथे मूळ गाडीची हुबेहूब नक्कल केली आहे, तिथे कुरकुर आहे. चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स आणि मागचा ३.५५चा अ‍ॅक्सल ही जोडी सिग्नलवरून सुटताना विलक्षण आनंद देते, पण ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारा वरचा गिअर, नसल्यामुळे महामार्गावर ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला ३,१०० फेऱ्यांच्या आसपास गर्जत राहते आणि तासाभरात शेजाऱ्याशी बोलणे नकोसे होते. बॉनेटवर बसवलेला टॅकोमीटर दिसायला झोकदार आहे. पावसानंतर त्याच्या काचेवर आतून वाफ धरते आणि काटा शोधावा लागतो. डॅशबोर्डखालची रॅम एअरची मूठ ओढली की बॉनेटची भोके उघडतात, आवाज बदलतो, वेगात काही फरक पडल्याचे मला जाणवले नाही. ती मूठ मी तरीही ओढतो. स्पॉयलर निव्वळ शोभेचा.

पुण्याहून आलेल्या आई-बाबांना मागच्या सीटवर बसवण्याचा प्रयोग फसला, कारण दोन दारांच्या या गाडीतून मागच्याला बाहेर काढणे हे दोन माणसांचे काम आहे. चार दारांची कुटुंबाची गाडी घरात असेल तरच हिचा विचार करावा. विमा नेहमीच्या पद्धतीने न काढता आधी ठरलेल्या मूल्यावर काढावा आणि त्यासाठी कामाची बिले व छायाचित्रे विक्रेत्याकडून मागून घ्यावीत. ट्रिब्यूट गाडीचे बाजारमूल्य ठरवायला दुसरा भक्कम आधार नसतो. इंजिनात फ्लॅट टॅपेट कॅम (सपाट टॅपेटवर घासत व्हॉल्व्ह उघडणारा जुन्या पद्धतीचा कॅम) असल्यास जस्ताचे प्रमाण जास्त असलेले तेलच वापरावे, अन्यथा कॅमची टोके झिजतात.

या हिवाळ्यात मी मन्सी उतरवून पाच गिअरचा बॉक्स बसवणार आहे. अस्सल 'जज'च्या मालकाला असे करताना गाडीचे मूल्य घटण्याची चिंता करावी लागली असती. मला फक्त प्रॉपेलर शाफ्टची लांबी पुन्हा मोजावी लागेल.