फ्युएल पंप बदलल्याचे पैसे घेतले, सीटखालचा स्क्रूसुद्धा हलवला नव्हता

जुनी गाडी वापरणाऱ्यांनी हे जरूर वाचा, माझे 19 हजार गेले आणि आईचा जीव धोक्यात आला तो वेगळाच.

माझी 2011 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, सव्वा लाख किलोमीटर झालेत. मागच्या एप्रिलपासून तिने एक खोड धरली. सकाळी एका सेल्फमध्ये स्टार्ट, पण चाळीस-पन्नास मिनिटं चालवली, त्यात ट्रॅफिक लागलं की चालता चालता बंद पडायची, झटके नाहीत काही नाही, एकदम बटण बंद केल्यासारखी. मग सेल्फ जोरात फिरायचा पण इंजिन पकडायचं नाही. अर्धा तास बोनेट उघडून उभं राहिलं की पुन्हा काही झालंच नाही अशी स्टार्ट.

घराजवळच्या एका गॅरेजला दाखवली. बोर्डवर स्कॅनिंग वगैरे लिहिलेलं, माणूस बोलायला गोड. स्कॅनर लावला, स्क्रीन स्वतःकडे धरून म्हणाला साहेब फ्युएल पंप (टाकीतून इंजिनला पेट्रोल पाठवणारा) गेलाय, गरम झाला की प्रेशर सोडतो. ऐकायला पटण्यासारखं होतं, कारण पंप खरंच असा जातो. 7,500 घेतले. पक्कं बिल मागितलं तर म्हणे जीएसटी लागेल, कशाला उगाच जास्त देता. मी पण हो म्हणालो, ती माझी चूक. सकाळी गाडी दिली, माझ्यासमोर पटकन स्टार्ट झाली, मी पैसे दिले.

आठ दिवसांत पुण्यात नवले पुलाजवळ परत बंद. परत तिथेच नेली, आता म्हणे ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, रिपेअर करायला लागेल. चार दिवस गाडी ठेवून घेतली आणि 11,500 घेतले. तेव्हाही सकाळीच बोलावलं आणि अर्थात स्टार्ट झाली. सकाळी थंड इंजिनवर ही गाडी काहीही न करता स्टार्ट होणारच होती, हे तेव्हा डोक्यात आलं असतं तर पुढचं टळलं असतं.

पुढच्या रविवारी आईला घेऊन साताऱ्याला निघालो. खंबाटकी घाटाच्या चढात, एका वळणावर इंजिन बंद. मागे भरलेला ट्रक. ज्यांच्यावर ही वेळ आली नाही त्यांना सांगतो, इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, आणि ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपला की ब्रेक पण कडक होतो, म्हणून ब्रेक पंपासारखा हाणत बसायचं नाही, एकदाच जोरात दाबून धरायचा. हॅंडब्रेक ओढला, हझार्ड लावले, त्या ट्रकवाल्या दादांनी गाडी आडवी लावून मागचं ट्रॅफिक अडवलं म्हणून आई सुखरूप उतरली. तिचे हात थरथरत होते ते मी विसरणार नाही.

गाडी टो करून खाली एका जुन्या मेकॅनिक काकांकडे नेली. त्यांनी आधी काहीच उघडलं नाही, फक्त विचारलं, कधी बंद पडते, सेल्फ कसा फिरतो, किती वेळाने स्टार्ट होते. मग गाडी इतका वेळ चालू ठेवली की शेवटी बंद पडली, आणि मला म्हणाले आता सेल्फ मार आणि आरपीएमच्या काट्याकडे बघ. काटा शून्यावर, हललासुद्धा नाही. चावी ऑनला दोन सेकंद पंपाचा घूं आवाज येत होता, पण प्लगला स्पार्क नव्हता. म्हणाले क्रॅंक सेन्सर. इंजिन फिरतंय हे ईसीएमला तोच सांगतो, त्याचा सिग्नल नसेल तर स्पार्क पण नाही आणि पेट्रोल सोडणारा इंजेक्टर पण चालत नाही. पाण्यात भिजवलेला फडका सेन्सरवर पाच मिनिटं धरला, सेल्फ मारला, स्टार्ट! नंतर सेन्सर काढून मीटर लावला, दोन वायरवाला होता, थंड असताना रेझिस्टन्स दाखवत होता आणि हेअर ड्रायरने तापवल्यावर ओपन, म्हणजे सर्किटच तुटलेलं. आत तार तुटलेली, गरम झाली की तिची टोकं एकमेकांपासून लांब व्हायची. नवीन सेन्सर आणि मजुरी धरून 1,900 घेतले.

मी म्हटलं काका, मग नवीन पंप फुकटच गेला की. त्यांनी मागची सीट उचलली. पंपाच्या झाकणावर धुळीचा थर जसाच्या तसा, स्क्रू गंजलेले, पाना लागल्याची एक खूण नाही. ईसीएमच्या डब्याचं सील पण फुटलेलं नव्हतं. म्हणजे दोन्ही वेळा काहीच केलं नव्हतं, गाडी नुसती उभी ठेवली होती. चुकीचं निदान झालं असतं तर मी सोडून दिलं असतं, चूक कोणाचीही होते. पण न केलेल्या कामाचे पैसे घेऊन बंद पडणारी गाडी माणसाच्या हातात देणं, त्याला काय म्हणायचं?

म्हणून कळकळीने सांगतोय, गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी कधीही सकाळी ताब्यात घेऊ नका, मेकॅनिकला शेजारी बसवून तासभर चालवा, मग पैसे द्या. जुना पार्ट मागा, आणि झाकण उघडताना समोर उभे राहा. सेल्फ जोरात फिरत असेल तर बॅटरी बदलायला लावणाऱ्याला आधी मीटर लावायला सांगा, बंद गाडीत साधारण 12.6 आणि चालू गाडीत 14 च्या आसपास व्होल्ट असतील तर बॅटरी आणि अल्टरनेटरवर संशय घ्यायचं फारसं कारण नाही. आणि पक्कं बिल घ्याच.

सीटखालचे फोटो घेऊन गॅरेजवर गेलो. आधी म्हणाला पोराने काम केलं होतं, मग आवाज चढवला, शेवटी 5,000 परत दिले. बाकीच्यासाठी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला, त्यांनी बिल मागितलं. माझ्याकडे यूपीआयचे दोन मेसेज आणि धुळीचे फोटो एवढंच आहे, तेच जोडून तक्रार टाकलीये.