थंडरबर्डचा फिल्टर: माणसाचा मेल कुठला आणि मशीनचा कुठला

आमचा छोटा प्रिंटिंग प्रेस आहे, लग्नसराईत गिऱ्हाईक पत्रिकेचा मजकूर मेलवर पाठवतं. म्हणून मी हौसेनं "तुमचा मेल मिळाला" असा ऑटो रिप्लाय लावून ठेवला, आणि एका रात्री तो रिप्लाय गेला एका कुरिअरवाल्यांच्या तक्रार सिस्टीमला, तिनं उत्तर दिलं, माझ्यानं परत दिलं... सकाळी इनबॉक्समधे शेकड्यांनी मेल, दोन मशीन रात्रभर एकमेकांचे आभार मानत बसलेली! त्यात एका पत्रिकेचं करेक्शन दबलं.

तेव्हा भाचा म्हणाला मामा थंडरबर्ड टाक, पीसीवर मेल बघायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे. मेल उघडून कंट्रोल यू दाबलं की मेलच्या पोटातलं सगळं दिसतं, त्यात ऑटो-सबमिटेड नावाची एक ओळ असते, मशीननं पाठवलेल्या मेलमधे तिच्यापुढे ऑटो-जनरेटेड नाहीतर ऑटो-रिप्लाइड लिहिलेलं. हा नियम 2004 चा आहे म्हणे, थंडरबर्डची 1.0 आवृत्तीपण त्याच वर्षीची. आणि अशी ओळ दिसली तर उलट ऑटो रिप्लाय पाठवायचा नाही हेही त्याच नियमात आहे, म्हणजे त्या रात्री दोघांपैकी एकानं जरी वाचलं असतं तरी भागलं असतं.

तर टूल्समधे मेसेज फिल्टर्स, तिथे कस्टमाइझ करून ही ओळ टाइप करायची आणि "कंटेन्स" पुढे फक्त "ऑटो-" टाकायचं, इंग्रजीत हं, दोन्ही प्रकार सापडतात आणि वेगळ्या फोल्डरमधे टाकता येतात. मी लिस्ट-अनसबस्क्राइब, म्हणजे यादीतून नाव काढायची सोय सांगणारी अशीच आतली ओळ, तीपण जोडली, जाहिरातीचे बहुतेक मेल तिथे अडकतात. नो-रिप्लाय पत्ता बघून गाळायचा प्रयोग आधी केला होता, अर्धे मेल सुटायचे.

पण सगळं पकडतं असं नाही, ती ओळ लावणं पाठवणाऱ्याच्या हातात, काही ओटीपी मेल ती लावतच नाहीत, फसवणूकवाले तर कशाला लावतील. आणि एआयकडून लिहून घेऊन माणसानं स्वतः पाठवलेला मेल इथे माणसाचाच धरला जातो. शिवाय पीसीवर थंडरबर्ड चालू असेल तरच फिल्टर चालतो, पीसी बंद असताना मोबाईलवर बघाल तर पसारा तसाच.

माझा एक घोळ सांगतो, कागदवाल्या होलसेलरचा रेट वाढल्याचा मेल लिस्ट-अनसबस्क्राइबमुळे बाजूला गेला आणि मी जुन्या भावात कोटेशन दिलं. आता सगळ्यात वर वेगळा फिल्टर ठेवलाय, पाठवणारा ॲड्रेस बुकमधला असेल तर स्टॉप फिल्टर एक्झिक्युशन, म्हणजे खालचे फिल्टर त्या मेलला लागतच नाहीत. साडेचार स्टार.