पेटीवर घडलेल्या बोटांसाठी आकाई एमपीके मिनी: काही महिन्यांच्या वापरानंतर

दहा हजारांच्या आतबाहेर मिडी कंट्रोलर (लॅपटॉपवरची वाद्यं वाजवायचा छोटा कीबोर्ड) घ्यायचा म्हटलं की सगळे आधी कळा आणि नॉब मोजायला लागतात. माझं म्हणणं असं की आपल्याकडची गाणी करणाऱ्याने त्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. पिच बेंडवर, म्हणजे दाबलेला स्वर वर-खाली सरकवायच्या सोयीवर, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं) कशी निघते, आणि पॅडवर, म्हणजे बोटांनी ठोकायच्या चौकोनांवर, हलकी थाप पडली की जोराची, हे यंत्राला कळतं का. बाकीचं नंतर सॉफ्टवेअरमध्ये जमवता येतं. हे दोन मात्र हातातच असावे लागतात. आकाईचा एमपीके मिनी, तिसरी आवृत्ती, मी याच निकषांवर घेतला आणि आता कित्येक महिने तो जवळजवळ रोज वापरते आहे.

माझा हात पेटीचा. राहते नाशिकच्या पंचवटीत, भजनी मंडळाला साथ करते आणि घरी लॅपटॉपवर अभंगांच्या, भावगीतांच्या चालींचं संगीत संयोजन करते. रामकुंड जवळ, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ घंटा आणि लाउडस्पीकर, त्यात आता २०२७च्या सिंहस्थाच्या कामांची घरघर. माइक लावून काही रेकॉर्ड करायचं तर रात्र चढायची वाट बघावी लागते. कंट्रोलरला ही अडचण नाही, कारण तो स्वतः आवाज काढतच नाही. कोणती कळ दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढाच निरोप यूएसबीतून लॅपटॉपकडे जातो आणि आवाज तिथलं सॉफ्टवेअर काढतं. हेडफोन लावला की भर दुपारीही काम होतं. गायकाने आयत्या वेळी पट्टी बदलली तर पुन्हा वाजवायला नको, सगळे स्वर निवडून वर-खाली सरकवायचे. हा फायदा नुसत्या पेटीवर काम करणाऱ्याला किती मोठा आहे, ते ज्याने शेवटच्या क्षणी काळी एकचं गाणं पांढरी चारला नेलं आहे त्यालाच कळेल.

यंत्रावर २५ छोट्या कळा आहेत, ८ पॅड, न अडता गोल फिरणारे ८ नॉब, एक छोटी जॉयस्टिक, छोटासा पडदा आणि मागे सस्टेन पेडलची जागा. वेगळा अ‍ॅडॅप्टर लागत नाही, यूएसबीवरच चालतो. वीज गेली तरी लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर काम थांबत नाही.

आधी कळांबद्दल, कारण ‘२५ पुरतील का?’ हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं. २५ म्हणजे दोन सप्तकं आणि वरचा एक सा. पण गायकाचा सा कुठे आहे त्यावर हिशोब बदलतो. काळी चार पट्टी घ्या. खाली मंद्र पंचम आरामात मिळतो, वर मात्र तार गंधार ही शेवटची कळ. तार मध्यम-पंचमाला जाणारा अंतरा असेल तर मध्येच सप्तक बदलणारं ऑक्टेव्हचं बटण दाबावं लागतं. काळी एकला उलट होतं. सा डावीकडच्या टोकाशी येतो आणि मंद्रासाठी जागाच उरत नाही. यावर उपाय आहे. आकाईच्या एडिटर सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सपोज, म्हणजे सगळे स्वर किती सरकवायचे ते, ठरवून तो प्रोग्रॅम यंत्रात साठवता येतो, असे ८ प्रोग्रॅम बसतात. मी नेहमीच्या गायकांच्या पट्ट्या तशा लावून ठेवल्या आहेत. बोटं एकाच पट्टीत चालतात, आवाज त्यांच्या पट्टीत येतो. ज्यांची बोटं प्रत्येक पट्टीत तयार आहेत त्यांना हे सुरुवातीला विचित्र वाटेल, कारण दाबलेली कळ आणि ऐकू येणारा स्वर यांची जुनी ओळख तुटते. मला सवय झाली.

कळांची लहान रुंदी मला खुपली नाही. उजव्या हाताने एकेरी चाल वाजवायला ती पुरते. दोन्ही हातांनी पियानो वाजवणाऱ्याने मात्र या वर्गाच्या वाटेला जाऊ नये, त्याने ४९ कळांचाच विचार करावा.

पेटीवाल्यांना खरी अडचण वेगळीच येते आणि ती विकत घेताना कोणी सांगत नाही. पेटीत कळ किती जोरात दाबली याने काही फरक पडत नाही, आवाजाचा चढउतार भात्यातून येतो. त्यामुळे आपल्या बोटांचा दाब वर्षानुवर्षं कसाही पडलेला असतो. मिडीत प्रत्येक कळेच्या दाबाला १ ते १२७ असा आकडा मिळतो. साधी सरगम वाजवली तरी एक स्वर ओरडतो आणि पुढचा पुटपुटतो. अंगठ्याचे स्वर जड, करंगळीचे पोकळ. यावर दोन रस्ते आहेत. पेटीचा किंवा बासरीचा आवाज असेल तर मी रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये येणारा दाब एका ठरावीक पट्ट्यात आवळून टाकते आणि चढउतार एका नॉबवर घेते. त्या नॉबला कंट्रोल क्रमांक ११, म्हणजे एक्स्प्रेशन, दिला की तोच भाता होतो. डावा हात नॉबवर, उजवा कळांवर. पेटीवरच्या दोन हातांची वाटणी जशीच्या तशी राहते, म्हणून हे पटकन अंगवळणी पडलं. पियानो किंवा संतूरच्या आवाजाला मात्र दाब आवळत नाही. तिथे बोटांनाच नवीन शिस्त लावावी लागते, आणि मी रोज थोडे अलंकार फक्त त्यासाठी वाजवते.

आता मींड. पेटीवर ती नाहीच, आणि कंट्रोलर घेण्यामागे माझं हेच सर्वांत मोठं कारण होतं. बहुतेक सॉफ्टवेअर वाद्यांत पिच बेंडचा पल्ला दोन अर्धस्वर वर आणि दोन खाली असा येतो. म्हणजे रे वरून शुद्ध ग पर्यंत पोचता येतं, सा वरून ग पर्यंत नाही. पल्ला १२ करता येतो, पण मग जॉयस्टिक केसभर हलली तरी स्वर घसरतो आणि नेमका मुक्कामाचा स्वर पकडणं जवळपास अशक्य होतं. मी गाण्याप्रमाणे ४ किंवा ५ ठेवते, त्यापुढे जात नाही.

पल्ल्याइतकीच महत्त्वाची आहे ती हाताची क्रिया, आणि ती मला सरावातून सापडली. सा वरून ग ची मींड घ्यायची असेल तर सा दाबून जॉयस्टिक उजवीकडे ढकलू नका. पल्ला ४ ठेवा, जॉयस्टिक आधी पूर्ण डावीकडे दाबून धरा आणि मग ग ची कळ दाबा. ऐकू येईल सा. आता अंगठा हळूहळू सैल करा. जॉयस्टिक स्प्रिंगने मध्यावर परत येते आणि स्वर वर सरकत बरोबर ग वर जाऊन बसतो. मुक्काम मध्यावर असल्यामुळे तो कधी चढा लागत नाही, कधी उतरत नाही. वेग पूर्णपणे अंगठ्याच्या हातात. उतरती मींड हवी तर तेच उजवीकडून. हे जमलं त्या दिवशी बासरीच्या एका साध्या सॅम्पलमधून (रेकॉर्ड केलेल्या आवाजातून) ‘गपधसां’ असं काही निघालं की मी तेच पुन्हापुन्हा वाजवत बसले.

जॉयस्टिकची एक मर्यादा आहे आणि ती तिच्या रचनेतच आहे. ती चारही दिशांना हलते, आडवी पिच बेंडसाठी आणि उभी मॉड्युलेशनसाठी, म्हणजे बहुधा स्वरात कंप आणण्यासाठी. अंगठा जरा तिरका गेला की मींडेच्या मधोमध कंप येतो. एडिटरमध्ये उभ्या दिशेला असा कंट्रोल क्रमांक द्या जो तुमचं वाद्य वापरतच नाही, प्रश्न मिटतो. शिवाय मींड आणि नॉबवरचा भाता एकाच वेळी करायला डावे हात दोन नसतात. मी आधी मींडेसकट चाल वाजवते, मग दुसऱ्या फेरीत फक्त नॉब फिरवून चढउतार भरते.

श्रुतींबद्दल विचारणारेही भेटतात. कंट्रोलर फक्त कळेचा क्रमांक पाठवतो, त्या क्रमांकाला कोणती कंपनसंख्या द्यायची ते सॉफ्टवेअर ठरवतं. सर्ज एक्सटी हा मोफत सिंथ (आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर) स्काला पद्धतीच्या, स्वरांच्या नेमक्या जागा लिहिलेल्या ट्यूनिंग फाइल वाचतो, त्यामुळे गंधार-निषाद थोडे खाली घेऊन तानपुऱ्याशी जुळवता येतात. त्यासाठी महागडा कंट्रोलर लागत नाही.

पॅड हा भाग मी पूर्णपणे नाशिक ढोलासाठी वापरते. माझा भाचा ढोल पथकात आहे. गणपतीच्या आधीच्या सरावात त्याच्याकडून एकेक आघात सुटा वाजवून घेतला आणि रेकॉर्ड केला: हाताची थाप, टिपरूचा (काठीचा) फटका, प्रत्येक हलका, मध्यम आणि जोराचा. रीपरच्या सॅम्पलरमध्ये प्रत्येक सॅम्पलला दाबाचा पट्टा ठरवून देता येतो, म्हणजे १ ते ५० ला हलकी थाप, त्यापुढे मधली, १०० च्या वर जोराची. एकच सॅम्पल लहानमोठं करून वाजवलं तर ढोल लांबून ऐकू आल्यासारखा वाटतो. जोराच्या फटक्यात ढोलाच्या पानाचा आवाजच वेगळा असतो, म्हणून हे तीन थर हवेतच. एमपीकेचे पॅड बोटाला घट्ट लागतात, त्यांना ठोकलेलं आवडतं. ढोलाला ते उत्तम. तबल्याच्या नाजूक बोलांना नाही, ‘तिरकिट’ मी कळांवरच वाजवते.

ताशाची तर्री हा सगळ्यात कठीण भाग. यंत्रात नोट रिपीट आहे, पॅड दाबून धरला की ठरलेल्या वेगाने स्वर पडत राहतात. पण ते इतके एकसारखे पडतात की ताशा शिवणयंत्रासारखा वाजतो. त्याऐवजी शेजारशेजारच्या दोन पॅडना एकच स्वर द्या आणि दोन हातांच्या बोटांनी आलटूनपालटून वाजवा. ताशावाल्याच्या दोन काड्यांत जो थोडासा कमीजास्तपणा असतो तो आपोआप येतो. भाच्याने ऐकून मान डोलावली, मला तेवढं पुरलं.

नॉबबद्दल थोडक्यात. ते अखंड फिरणारे असल्याने रिलेटिव्ह पद्धतीवर ठेवा, म्हणजे नॉब किती फिरला एवढंच कळवलं जातं. नाहीतर एका प्लगइनवरून दुसऱ्यावर गेलात की नॉबचा आकडा एकदम उडी मारतो. रीपरला ही पद्धत समजते.

‘कळ दाबल्यावर आवाज उशिरा येतो, कंट्रोलर खराब आहे’ ही तक्रार मी इतक्यांकडून ऐकली आहे की इथे लिहिणं भाग आहे. उशीर जवळजवळ नेहमी लॅपटॉपच्या ऑडिओ ड्रायव्हरचा असतो. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला बफर (आवाज बाहेर पाठवण्याआधी जमवायचा साठा) ५१२ असेल तर त्याचेच साधारण १२ मिलिसेकंद होतात, १२८ केला तर ३. विंडोजवर वेगळा ऑडिओ इंटरफेस नसेल तर असिओफोरऑल हा मोफत ड्रायव्हर घाला. आणि ब्लूटूथ हेडफोनवर कधीही वाजवू नका, त्यात ताल धरताच येत नाही. वायरचा साधा हेडफोनही चालेल.

दुसरे पर्याय. सातपूरच्या मैत्रिणीकडे आर्टुरियाचा मिनीलॅब ३ आहे, त्यावर मी भरपूर वाजवलं आहे. त्यात ४ फेडर (वर-खाली सरकवायच्या दांड्या) आहेत, आणि भात्याचं काम नॉबपेक्षा फेडरवर जास्त सुंदर होतं. पिच आणि मॉड्युलेशनच्या पट्ट्या वेगवेगळ्या, म्हणजे तिरक्या अंगठ्याचा प्रश्न नाही. शिवाय पाच पिनांचा मिडी आउट आहे, जो एमपीकेला नाही. घरात जुना सिंथ किंवा कीबोर्ड असेल आणि तो लॅपटॉपशिवाय जोडायचा असेल तर मिनीलॅब घ्या. पण मींडेसाठी मला त्याच्या सपाट पट्टीपेक्षा स्प्रिंगची जॉयस्टिक आवडते. बोटाला विरोध जाणवला की किती उरलं ते कळतं. नोव्हेशनच्या लाँचकी मिनी एमके३ ला १६ पॅड आहेत, एबलटन या सॉफ्टवेअरवर लूप (पुन्हापुन्हा वाजणारे तुकडे) मांडून काम करणाऱ्यांनी तो आधी बघावा. ज्यांच्याकडे कीबोर्ड आहेच त्यांना कळांवर पुन्हा पैसे घालायची गरज नाही. कॉर्गचा नॅनोकंट्रोल २ घ्या, ८ फेडर आणि ८ नॉब मिळतात.

पैशांचं म्हणाल तर कंट्रोलरनंतर पहिला खर्च चांगल्या हेडफोनवर करा. सॉफ्टवेअरला घाई नाही. यंत्रासोबत एमपीसी बीट्स मिळतं, आणि रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, त्यानंतर घरगुती परवाना ६० डॉलरला आहे.

जुना घेत असाल तर ओएलएक्सवरच्या फोटोंवर जाऊ नका, लॅपटॉप घेऊन विकणाऱ्याकडे जा. दाबाचा आकडा दाखवणारं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा आणि प्रत्येक पॅड हळू-जोरात वाजवा. एका ठोक्याला दोन नोंदी पडत असतील तर पॅड गेला आहे. सगळ्या कळा एकेक करून वाजवा. यूएसबीची वायर जोडलेली असताना जागेवर हलवा, पडदा मिणमिणला तर सॉकेट सैल आहे. मग एक लांब कळ धरा, जॉयस्टिक दोन्ही टोकांना नेऊन सोडून द्या आणि कान देऊन ऐका. स्वर जागेवर परत न येता किंचित चढा किंवा उतरलेला राहिला, तर किंमत कितीही कमी सांगोत, तो घेऊ नका.