नावांचे अर्थ सांगणाऱ्या मोफत साइट्स: ‘रुफैदा’ टाकून पाहा

आयेशा, फातिमा, झैनब टाकलं की कुठलीही साइट सहसा बरोबर अर्थ देते. कस लागतो तो क्वचित कानावर पडणाऱ्या नावाला. त्यासाठी ‘रुफैदा’ उत्तम, कारण या नावाचा अर्थ आणि इतिहास दोन्ही पक्के आहेत.

मूळ अरबी धातू तीन अक्षरांचा: रे-फे-दाल. ‘रफद’ म्हणजे आधार देणं, ‘रिफ्द’ म्हणजे देणगी. मुख्य नदीला पाणी पुरवणारी उपनदी ती ‘राफिद’. इराकच्या भूमीला अरबीत ‘बिलाद अर-राफिदैन’ म्हणतात ते टायग्रिस-युफ्रेटिसच्या जोडीवरून. रुफैदा हे लघुरूप (‘छोटी’, ‘लाडकी’ असा भाव देणारं), उमैमा आणि हुमैरा यांच्याच साच्यातलं. रुफैदा अल-अस्लमिया ही मदिनेतली जखमींची शुश्रूषा करणारी सहाबिया, म्हणजे प्रेषितांच्या सहवासातली स्त्री. इ.स. ६२७ च्या खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज या मदिनेतल्या सरदाराला तिच्याकडेच पाठवलं होतं. दिल्लीच्या जामिया हमदर्दमधलं नर्सिंग कॉलेज तिच्याच नावाचं आहे.

आता साइट्स. ‘मदत करणारी’ एवढा अर्थ बहुतेक ठिकाणी मिळतो, तो चालण्यासारखा आहे. घोळ असतो तो पुढे. अरबी किंवा उर्दू अक्षरं न देता नुसतं इंग्रजी स्पेलिंग देणारी साइट आम्ही तिथेच बंद करू. इंग्रजीत ‘राफिदा’ लिहिलं तर ते ‘दाल’ या अक्षराने आहे की ‘ज्वाद’ने हे कळत नाही. ‘दाल’ने असेल तर आधार देणारी, ‘ज्वाद’ने असेल तर नाकारणारी! ‘झाहिरा’चंही तसंच: ‘जे’ अक्षराने लिहिलं तर तेजस्वी, ‘झोय’ने लिहिलं तर उघड दिसणारी. ‘झुनैरा’ला तर सर्रास ‘जन्नतमधलं फूल’ असा अर्थ चिकटवलेला असतो. कुराणात हा शब्दच नाही. त्याच अक्षरांची झिन्नीरा नावाची स्त्री मात्र होती, पहिले खलिफा अबू बक्र यांनी गुलामीतून सोडवलेली.

‘लकी नंबर’चा रकाना सरळ सोडून द्या. अबजदने, म्हणजे अरबी अक्षरांना ठरलेल्या अंकांनी, रुफैदाची बेरीज २९९ येते (२००, ८०, १०, ४, ५). साइट मोजते इंग्रजी अक्षरं. नेहमीच्या पद्धतीने उत्तर ६, आणि शेवटी एच लावला की ५. मुलगी तीच, नाव तेच.

ॲपमध्ये बहुधा हाच मजकूर, वर जाहिराती. नावांची यादी साठवून घरच्यांना पाठवता येते एवढी सोय बरी. उच्चाराच्या बटणावर विसंबू नका, यंत्राचा आवाज ‘रुफेडा’ म्हणायची शक्यता दाट.

बाजारातल्या उर्दू पुस्तिकेत निदान अक्षरं मिळतात. पण जेर-जबर-पेश (स्वर दाखवणाऱ्या खुणा) छापलेले नसतील तर सांभाळून. रुफैदाचीच अक्षरं ‘रफीदा’ वाचली तर जुन्या कोशात अर्थ निघतो तंदूरच्या भिंतीला रोटी थापायची गादी.

खात्री करायला फार वेळ लागत नाही. उर्दू लिखाणातली ये आणि शेवटची हे बाजूला काढा, त्या साच्याच्या आहेत. उरलेली तीन अक्षरं अरबी कोशात धातूखाली शोधा. व्यक्ती खरी होती का हे इब्न हजर यांच्या ‘अल-इसाबा’ या सहाबांच्या चरित्रकोशात पाहा, त्यात स्त्रियांचा भाग वेगळा आहे. अरबी येत नसेल तर अक्षरं लिहून मौलवींना दाखवा, नुसतं तोंडी विचारू नका.

अकीक्याच्या (बाळाच्या जन्मानंतरच्या विधीच्या) घाईत साइटवरचं स्पेलिंग फॉर्मवर उतरवू नका. जन्मनोंदणीत नाव नंतरही घालता येतं, बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क. फॉर्मवर मराठी नाव स्वतःच्या हाताने लिहा. इंग्रजीवरून कारकुनाने उतरवलं तर ‘रुफाइडा’ होतं, आणि ते दुरुस्त करायला अर्ज, पुरावे, खेपा सगळं आलं.

यादी चाळायला या साइट्स ठीक, पाचपैकी तीन. अर्थासाठी एक.