हॅम्लेट बघितलं, पहिला सीन लई भारी

काल हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात शेक्सपिअरचं हॅम्लेट बघितलं, मराठीत. हौशी ग्रुपचा प्रयोग, त्यामुळं फार अपेक्षा नव्हती, पण पहिल्या सीननंच पकडलं राव. स्टेजवर नुसता काळोख, एक कंदील, आणि पहिलाच डायलॉग "कोण आहे तिकडं?" गंमत बघा, हे पहाऱ्यावरच्यानं विचारायचं तर त्याची ड्युटी बदलायला आलेलाच विचारतो, म्हणजे सगळे आधीच टरकलेत, कशाला ते आपल्याला माहितच नाही. मग मध्यरात्र, कडाक्याची थंडी, सगळं बोलण्यातूनच कळतं, कारण शेक्सपिअरच्या काळी त्याच्या ग्लोब थिएटरमध्ये भर दुपारी खेळ व्हायचे, अंधार शब्दांनीच करायला लागायचा. बाहेर सोलापूरचा उकाडा आणि आत मला चादर घ्यावी वाटायला लागली!

ड्युटी बदलायला आलेला तो पहारेकरी आदल्या रात्रीची गोष्ट सांगायला लागतो आणि वाक्य अर्धवट असतानाच भूत येतं. एक शब्द बोलत नाही. इथं ग्रुपनं म्युझिक दिलंच नाही, नुसते बुटांचे आवाज, मानलं. पण परत येतं तेव्हा धुराचं मशीन एवढं सोडलं की पहिल्या दोन रांगा खोकत होत्या, आणि कोंबडा आरवला तो चक्क मोबाईलच्या रिंगटोनसारखा. लोक हसले. पुढं हॅम्लेटचं काम ठीकठाक, इंटरव्हलनंतर जरा लांबतंय. तरी तिकीट वसूल, फक्त वेळेवर जावा, पहिली पाच मिनिटं चुकवू नका.