क्रूझचं ड्युअल मास फ्लायव्हील परदेशातून मागवलं: 8 महिन्यांनंतर

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे. शेव्हरोलेने 2017 अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं, पण क्रूझवर जीव असलेले मालक अजून खूप आहेत. इंजिन दणकट असतं, अडतं ते फ्लायव्हीलपाशी, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या जड चाकापाशी. ड्युअल मास म्हणजे हे चाक दोन भागांचं असतं आणि मध्ये स्प्रिंगा असतात. आयडलिंगला खडखड, इंजिन बंद करताना ठणका, आणि चांगला नग बाजारात मिळता मिळत नाही.

सिंगल मास, म्हणजे एकसंध फ्लायव्हीलचं किट आधी बसवून पाहिलं होतं. स्वस्त पडतं. पण डिझेलचे हादरे गिळणाऱ्या कमानी स्प्रिंगा त्यात नसतात, म्हणून ते हादरे सरळ गिअरबॉक्सकडे जातात. एका गाडीचा गिअरबॉक्स दुसऱ्याच वर्षी उघडावा लागला, तेव्हा मी ते बंद केलं.

मग चीनमधल्या एका कारखान्याकडून 2 नमुने मागवले. दोन्ही उत्तम निघाले. त्या भरवशावर 20 नगांची ऑर्डर दिली, 30 टक्के आगाऊ आणि बाकी माल जहाजावर चढल्यावर. न्हावा शेवाला उतरून क्लिअरिंग एजंटमार्फत गॅरेजच्या दारात येईपर्यंत दीड महिना गेला. ड्युटी, जीएसटी, एजंट, ट्रान्सपोर्ट धरून नग कारखान्याच्या भावाच्या दीडपटीला पडला. नुसता कोटेशनचा आकडा बघून कुणी हिशोब मांडू नये.

माल आल्यावर मी एकेक नग काट्यावर ठेवला. 5 नग नमुन्यापेक्षा साधारण 700 ग्रॅम हलके भरले. वरून काही कळत नव्हतं. हाताने फिरवलं तर मोकळी चालही सारखीच वाटत होती. त्यातला एक शिरोलीला फाउंड्रीवाल्या मित्राकडे नेऊन कापला. बिडाचा भाग त्याने तपासला, कडकपणा ठीक होता. खोट आत होती. नमुन्यात मोठ्या स्प्रिंगेच्या पोटात दुसरी बारीक स्प्रिंग होती, इथे ती घातलीच नव्हती. असा नग घाटात भरल्या गाडीखाली किती दिवस टिकला असता?

वजनाचे फोटो आणि कापलेल्या नगाचा व्हिडिओ पाठवल्यावर कारखान्याने त्या 5 नगांचे पैसे पुढच्या बिलात वळते करायचं मान्य केलं. त्यांच्यावरची ड्युटी आणि भाडं मात्र माझ्याच अंगावर पडलं.

उरलेल्यांपैकी 11 बसवले. एकाचं ग्रीस 6,000 किलोमीटरला बाहेर आलं. गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, मजुरी घेतली नाही. ज्याने विश्वासाने गाडी सोपवली त्याला दोनदा बिल कसं लावणार? बाकी 10 आजवर शांत आहेत. त्यातली एक गाडी दर आठवड्याला पुण्याला जाऊन येते, तिचे 14,000 किलोमीटर झाले. परवा ऑइल बदलायला आली, तेव्हा सकाळी थंड इंजिन सुरू करून मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. खडखड नाही.

बसवताना बोल्ट दर वेळी नवेच घेतो, आधी टॉर्क रेंचने आणि मग ठरलेल्या कोनात आवळतो. इंजिनाच्या मागच्या बाजूचं ऑइल अडवणारं मेन सील त्याच वेळी बदलतो, कारण त्यासाठी नंतर पुन्हा सगळं उतरवावं लागतं. इंजेक्टरचं करेक्शन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला डिझेल किती कमी-जास्त करावं लागतंय ते, स्कॅनरवर बघितल्याशिवाय नवा नग बसवत नाही. एक सिलिंडर जरी लंगडत असेल तरी त्याचे धक्के फ्लायव्हील खातं. मालकांनाही कळकळीने सांगतो, चाळिशीच्या स्पीडला पाचवा गिअर टाकून इंजिन रेटू नका.

आता 10 नगांची दुसरी ऑर्डर दिली आहे. प्रत्येक नगाचा काट्यावरचा फोटो, आणि लॉटमधला एक नग कापून व्हिडिओत दाखवायचा, ही अट ऑर्डरमध्येच लिहून घेतली. कापायच्या नगाचे पैसे त्यांनी मागितले. मी दिले.