फायली बदलून देतो म्हणाला, अख्खा ड्राइव्ह घेऊन गेला

वाचनालयं, पतसंस्था, शाळा, डीटीपीवाले, ज्यांच्या ज्यांच्या जुन्या मराठी फायली गूगल ड्राइव्हवर पडून आहेत आणि ज्यांना त्या एकगठ्ठा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर-मोबाइलवर मराठीच दिसेल अशा संकेतांत, करून हव्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. शाहूपुरीतल्या आमच्या छोट्या वाचनालयाची मी मानद चिटणीस आहे. आम्हाला फसवणारा माणूस अजून सापडलेला नाही. तो अस्सल कोल्हापुरी बोलतो, गोड बोलतो, आणि कोल्हापूर-सांगलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर त्याच्यासारख्याच जाहिराती मला अजून दिसतात.

आधी हे काम आम्हाला का करून घ्यावं लागलं ते सांगते, कारण बहुतेक संस्थांची गोष्ट अशीच असणार. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली होती. धोका पातळी ४३ फूट. शाहूपुरीत कुंभार गल्लीकडच्या भागात जे झालं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. आमच्या खालच्या कपाटातली पुस्तकं, दाखल नोंदवह्या, जुने अहवाल पाण्यात गेले. पानं वाळवायला गच्चीवर दोऱ्या बांधल्या, तरी शाई पसरली ती पसरलीच. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. त्यानंतर कार्यकारिणीने ठरवलं की जे जे संगणकावर आहे ते ते क्लाउडवर ठेवायचं. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. वर्षानुवर्षांचे वार्षिक अहवाल, ग्रंथयादी, सभांची इतिवृत्तं, सभासदांची यादी, अनामतीच्या पावत्या आणि सभासदांच्या ओळखपत्रांच्या स्कॅन प्रती, असं सगळं एका गूगल खात्यात गेलं.

अडचण फायलींच्या पोटात होती. सगळं टायपिंग श्रीलिपीत झालेलं. या जुन्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षर हे फक्त चित्र असतं, खाली संकेत इंग्रजी अक्षराचाच. फॉन्ट असलेल्या मशिनवर सुंदर मराठी दिसतं आणि तीच फाइल मोबाइलवर उघडली की निरर्थक इंग्रजी चिन्हांच्या ओळी. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःच्या १२८ जागा आहेत, पण आपल्याकडच्या छपाईच्या दुकानांत जुने फॉन्ट पुढे कितीतरी वर्षं चालले. त्यामुळे आमच्या ग्रंथयादीत पुस्तकाचं नाव टाकून शोधलं तर काहीच सापडायचं नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या वाचनालयाला यादी आणि अहवाल नीट ठेवावेच लागतात, आणि आमच्या ग्रंथपाल ताई एकेक नाव पुन्हा टाइप करत बसायच्या.

अशा वेळी एका ग्रुपवर जाहिरात आली: 'श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, कोणत्याही फॉन्टच्या फायली एकगठ्ठा युनिकोड वर्डमध्ये. ड्राइव्हवरून थेट. पानाला दीड रुपया.' मी फोन केला. समोरचा माणूस इतका माहीतगार होता की विश्वास बसावा. रफार आणि पहिली वेलांटी ही कन्व्हर्जनमधली खरी दुखणी, हे त्याने आपणहून सांगितलं. ते खरंच आहे. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफारही जुन्यात अक्षराच्या मागून येतो आणि युनिकोडमध्ये त्याचा र आधी लागतो. म्हणजे नुसतं एका चिन्हाच्या जागी दुसरं टाकून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. नमुना म्हणून आम्ही काही पानं पाठवली. दुसऱ्या दिवशी ती अगदी स्वच्छ युनिकोडमध्ये परत आली. शब्द शोधला की सापडत होता.

नमुना खरा होता, आणि फसवणुकीची सगळी ताकद त्यातच होती. थोडी पानं युनिकोडमध्ये करून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. तेवढं काम करायला त्याला काहीच पडलं नसणार.

मग तो म्हणाला, "मॅडम, हजारो फायली मेलनं कुठं पाठवत बसताय? आमच्या साइटवर ड्राइव्ह जोडा. रात्रीत सगळं होतंय बघा. वाचनालयाचं काम हाय, निम्मेच पैसे आधी द्या." ग्रंथपाल ताईंनी त्याच्या दुव्यावर जाऊन आमचं खातं जोडायला घेतलं, तेव्हा तो फोनवरच होता. पहिल्या पडद्यावर गूगलचा इशारा आला: हे अ‍ॅप गूगलने पडताळलेलं नाही. तो म्हणाला, "नवीन साइट हाय, पडताळणीला वेळ लागतोय. अ‍ॅडव्हान्स्ड म्हणून बारीक अक्षरात दिसंल, त्यावर दाबा." पुढच्या पडद्यावर परवानगीचं वाक्य होतं. इंग्रजीतल्या त्या वाक्याचा अर्थ असा: तुमच्या गूगल ड्राइव्हमधल्या सगळ्या फायली पाहणे, बदलणे, तयार करणे आणि काढून टाकणे. तो म्हणाला, "फाइल बदलायची म्हणजे बदलायची परवानगी लागणारच की." ऐकायला पटतं. ताईंचा यात काहीही दोष नाही. फोनवर बसून, घाई करत, प्रत्येक शंकेला तयार उत्तर देत त्याने ते करून घेतलं.

त्या वाक्यात काय दडलं होतं ते नीट समजून घ्या. गूगलकडे याहून लहान परवानगी उपलब्ध आहे. तुम्ही स्वतः निवडून त्या अ‍ॅपला दिलेल्या किंवा त्या अ‍ॅपनेच तयार केलेल्या फायलींपुरती ती मर्यादित असते. फायलींचं रूप बदलायला तेवढी पुरते. अख्खा ड्राइव्ह मागणाऱ्याच्या हातात मात्र सगळं जातं. तो तुमच्या नावाने फायली उतरवून घेऊ शकतो. कचरापेटीत टाकलेली फाइल एरवी ३० दिवस राहते, पण या परवानगीने कचरापेटीत न टाकता थेट कायमची पुसताही येते. पासवर्ड लागत नाही, ओटीपी येत नाही. आणि पडताळणी न झालेल्या अ‍ॅपला गूगल १०० वापरकर्त्यांपुरतंच चालू देतं. हजारो संस्थांचं काम केल्याच्या त्याच्या गप्पा त्या एका पडद्यावरच खोट्या ठरत होत्या. हे तेव्हा आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून आता मी सांगतेय.

दोन दिवसांत ड्राइव्हवर 'पूर्ण' नावाचा फोल्डर आला. सगळ्या वर्डच्या फायली, उघडल्या की देखणी मराठी. उरलेले पैसे आम्ही लगेच दिले. नंतर ताईंनी यादीत एक नाव शोधलं, सापडलं नाही. एका शब्दावर करसर ठेवायला गेल्या तर अख्खं पान निवडलं गेलं. प्रत्येक पानाचं छायाचित्र काढून वर्डच्या फाइलमध्ये चिकटवलेलं होतं. ज्या थोड्या फायलींत खरी अक्षरं होती, त्यांत श्रीलिपीचेच जुने संकेत होते, फक्त फाइलचा प्रकार नवा. डबा बदलला होता, पीठ तेच होतं.

आम्ही फोन केला तेव्हा त्याने चढा सूर लावला नाही. 'सर्व्हरचा प्रॉब्लेम' म्हणाला, आणि 'पक्क्या आवृत्ती'साठी आणखी पैसे मागितले. आम्ही नकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्राइव्हमध्ये फक्त त्याचा 'पूर्ण' फोल्डर उरला होता. मूळ फायली नाहीत, कचरापेटी रिकामी. त्यानंतर संदेश आला की मूळ फायली 'बॅकअप सर्व्हरवर सुरक्षित' आहेत, शुल्क भरून परत मिळतील. आम्ही एक पैसाही दिला नाही, आणि तुमच्यावर वेळ आली तर तुम्हीही देऊ नका. ज्याने एकदा पुसलं त्याच्या शब्दावर पुन्हा पैसे कशाला द्यायचे?

याहून वाईट पुढे घडलं, आणि त्यासाठीच मी हे इतकं सविस्तर लिहितेय. आमच्या सभासदांना फोन जायला लागले. फोन करणाऱ्याला सभासदाचं पूर्ण नाव माहीत, सभासद क्रमांक माहीत, अनामत किती तेही माहीत. "वाचनालय अनामत परत करतंय, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका." बहुतेकांनी आम्हाला विचारलं आणि वाचले. एका निवृत्त शिक्षकांनी पिन टाकला आणि त्यांच्या खात्यातून पैसे गेले. ते रोज सकाळी आमच्याकडे पेपर वाचायला येतात. आमच्याकडे त्यांनी ओळखपत्राची प्रत दिली होती ती वाचनालयावरच्या विश्वासाने. त्यांच्या मुलीने तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, त्यामुळे रकमेचा काही भाग पुढे सरकण्याआधी थोपवला गेला. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे आता आम्ही दाराजवळच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. ज्या संस्थेकडे लोकांची कागदपत्रं असतात, तिचा ड्राइव्ह गेला की फटका त्या लोकांना बसतो. पानाला दीड रुपयाचं नुकसान त्यापुढे काहीच नाही.

तक्रार आम्ही राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवली आणि जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडेही दिली. सोबत संभाषणाचे स्क्रीनशॉट, यूपीआय व्यवहारांचे क्रमांक, त्या साइटचा दुवा आणि गूगलच्या यादीत दिसणारं अ‍ॅपचं नाव जोडलं. फसवणुकीचं जे कलम लोक ४२० म्हणून ओळखतात ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याची माहिती उतरवणं, पुसणं यासाठी २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३ आणि ६६ ही कलमं आहेत. 'आम्हीच बटण दाबलं, आता तक्रार कशी करायची' असा संकोच आमच्या कार्यकारिणीत काहींना वाटत होता. तो मनातून काढून टाका. खोटं सांगून मिळवलेली परवानगी ही फसवणूकच आहे.

फायलींचं म्हणाल तर पापाच्या तिकटीजवळच्या आमच्या जुन्या डीटीपीवाल्या भाऊंनी एक हार्ड डिस्क फेकून दिली नव्हती. त्यात २०२१ पर्यंतच्या बहुतेक मूळ फायली निघाल्या. पुढची ग्रंथयादी ताई दाखल नोंदवहीवरून पुन्हा करतायत. दोन इतिवृत्तं मिळालीच नाहीत.

आणि ज्या कामासाठी हे सगळं झालं ते आता भाऊंच्या मदतीने आमच्याच संगणकावर, कुठलाही ड्राइव्ह कुणाला न जोडता चाललंय. वर्डसारखंच काम करणारं लिब्रेऑफिस फुकट आहे. त्याच्या फाइल मेनूत विझार्ड्सखाली डॉक्युमेंट कन्व्हर्टर आहे, तो वर्डच्या जुन्या फायलींचा अख्खा फोल्डर ओपनडॉक्युमेंट या लिब्रेऑफिसच्या फाइल-प्रकारात बदलतो, इंटरनेट लागत नाही. गूगल डॉक्समध्ये असलेल्या फायली वर्डमध्ये हव्या असतील तर ड्राइव्हवरून फोल्डर डाउनलोड केला की गूगल स्वतःच त्या वर्डमध्ये बदलून झिप करून देतं. तिसऱ्या कुणाची गरजच नाही. स्कॅन केलेलं छापील पान असेल तर ते ड्राइव्हवर चढवून 'गूगल डॉक्ससह उघडा' केलं की मराठी मजकूर बऱ्यापैकी वाचून मिळतो. फाइल २ एमबीच्या आत ठेवावी आणि नंतर मुद्रितशोधन करावंच लागतं. श्रीलिपीचे संकेत युनिकोडमध्ये आणणं ही वेगळी पायरी आहे. फाइलचा प्रकार बदलला म्हणून अक्षरं बदलत नाहीत. जो कुणी दोन्ही कामं एकच असल्यासारखी सांगतो त्याच्यापासून सावध राहा. काम बाहेर द्यायचंच असेल तर पेन ड्राइव्हवर फक्त त्याच फायलींची प्रत द्या, सभासदांची कागदपत्रं वगळून. आणि पैसे देण्याआधी नमुन्याच्या नव्हे, गठ्ठ्याच्या मधल्या कुठल्याही फायली उघडून एक शब्द निवडून पाहा, एक शब्द शोधून पाहा. आम्हाला हे पैसे देऊन झाल्यावर दिसलं.

फुकट कन्व्हर्टरच्या साइटचाही मोह टाळा. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने याच प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला होता: फाइल बदलून देणाऱ्या काही साइट बदललेल्या फाइलसोबत घातक सॉफ्टवेअर संगणकात सोडतात आणि चढवलेल्या फायलींतून ओळख क्रमांक, बँकेचे तपशील, पासवर्ड उचलतात.

कुणी अशा साइटला ड्राइव्ह आधीच जोडला असेल तर आज पहिलं काम हे करा. गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये 'सुरक्षा' उघडा, तिथे बाहेरच्या अ‍ॅप्सशी असलेल्या जोडण्यांची यादी मिळेल. अनोळखी नावावर जाऊन परवानगी काढून टाका. नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. ड्राइव्हची अशी परवानगी पासवर्ड बदलला तरी चालू राहते. आम्ही पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलला होता, पण त्या यादीत त्याचं अ‍ॅप तसंच होतं. त्याने आधी उतरवून घेतलेलं परत येत नाही, म्हणून परवानगी काढल्यावर त्याच दिवशी आपल्या सभासदांना, खातेदारांना, पालकांना कळवा की त्यांची कोणती कागदपत्रं गेली आहेत आणि कसे फोन येऊ शकतात. आम्ही फळ्यावर सूचना लावली आणि ज्येष्ठ सभासदांना घरी जाऊन सांगितलं. त्यानंतरही काहींना फोन आले, पण पिन कुणी टाकला नाही.